अंगावर काढलेली दुखणी

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की वाटेत आंजी (मोठी) येते. कापूस, तूर आणि सोयाबीनचा हा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि ती बहुतेक बायांच्याच हातानं होते. कमरेला जुन्या लुगड्याचं फडकं बांधून त्याची ओटी करायची, बोंडातला कापूस दोन्ही हातांनी ओढून तिच्यात टाकायचा, ओटी भरली की धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी करायची. मजुरी किलोवर असल्यामुळे ओटी जितकी भरेल तितकी भरू देतात. हे सगळं ओझं येतं कमरेवर आणि ओटीपोटावर. जिचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय जागेवरून खाली सरकलेलं आहे, तीही हेच काम करत असते. पाळीच्या दिवसांत जिला उभं राहवत नाही, तीही. संध्याकाळी कोणी विचारलंच तर सांगते, "कंबर धरली." त्यापुढे काही बोलत नाही. आपल्याकडे याला दुखणं अंगावर काढणं म्हणतात.

बाई दुखणं सांगत का नाही? सांगितलं तर ते कोण ऐकतं आणि ऐकलेलं खरं मानलं जातं का? डॉक्टरकीच्या पुस्तकांत या प्रश्नांना फारशी जागा नसते. गेल्या काही दशकांत ते नेटानं हाती घेतले स्त्रीवादी तत्त्वज्ञांनी. त्यांच्या पुस्तकांतली उदाहरणं बहुधा बोस्टनची, लंडनची असतात. पण माझं मत असं आहे की या तत्त्वज्ञानाची खरी कसोटी लागते ती विदर्भातल्या आणि गोव्यातल्या खेड्यांत, आणि तिथल्या संशोधनानं त्यात मोलाची भरही घातली आहे.

आधी ही दुखणी कोणती ते पाहू. काही स्त्रीच्याच शरीरात होणारी: अंगावरून पांढरं जाणं, गर्भाशयातल्या गाठी, अंग बाहेर येणं, एंडोमेट्रिओसिस. काही पुरुषांनाही होतात, पण स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त दिसतात: थायरॉईडचे विकार, संधिवाताचे काही प्रकार, ल्युपस, अर्धशिशी, सगळं अंग सतत ठणकत ठेवणारा फायब्रोमायल्जिया. यांतली बरीच दुखणी वर्षानुवर्षं चालतात, बाहेरून दिसत नाहीत आणि तपासणीत लवकर सापडत नाहीत. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे बीजकोशावर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर वाढतात. दर महिन्याच्या संप्रेरकांच्या चढउतारांना त्याही प्रतिसाद देतात, तिथे सूज येते, व्रण धरतात, कधी अवयव एकमेकांना चिकटतात. सोनोग्राफी मात्र पुष्कळदा अगदी स्वच्छ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात 19 कोटींच्या आसपास जणींना हा आजार आहे. निदान व्हायला अनेकींची कित्येक वर्षं जातात, कारण पाळीत दुखायचंच, असं आई, शेजारीण आणि कधी डॉक्टरही सांगत आलेले असतात.

आता गडचिरोलीकडे जाऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 1980 च्या दशकात ‘सर्च’ ही संस्था उभारून तिथे काम सुरू केलं, तेव्हा खेड्यातल्या बायांचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढीच सरकारी कामाची चौकट होती. मूल पोटात नसताना बाईच्या शरीराचं काय होतं, हे कोणी मोजलेलंच नव्हतं. दवाखान्यात येणाऱ्या बायांची नोंद सापडायची, पण न येणाऱ्यांचं काय? म्हणून त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायांनाच तपासणीसाठी बोलावलं, मग त्यांची काही तक्रार असो वा नसो. 650 जणींची तपासणी झाली. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. 92 टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी किमान एक आजार होता. दर बाईमागे सरासरी 3.6 आजार. यातला निम्मा भार जननमार्गातल्या जंतुसंसर्गाचा. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के.

या अभ्यासातला 92 हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. मला त्याच्या शेजारचा आकडा जास्त बोलका वाटतो. तपासलेल्यांपैकी 55 टक्के बायांनी काहीतरी तक्रार सांगितली होती आणि 45 टक्के बायांनी काहीच सांगितलं नव्हतं. आजार 92 टक्क्यांना आणि तक्रार 55 टक्क्यांची. काही आजारांना लक्षणंच नसतात, हे त्याचं एक कारण. पण वयात आल्यापासून जे रोजचंच आहे आणि आईला, सासूला, जावेलाही आहे, ते सांगण्यासारखं वाटणारच नाही, हेही कारण तितकंच खरं असणार.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी 2007 च्या आपल्या पुस्तकात माणसावर जाणता म्हणून होणाऱ्या अन्यायाचे दोन प्रकार सांगितले. एक साक्षीचा अन्याय. बोलणारी बाई आहे, गरीब आहे, अमुक जातीची आहे, एवढ्यावरून तिच्या शब्दाला कमी वजन दिलं जातं. ती खरं सांगत असते, ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेली अढी ते खरं मानू देत नाही. दुसरा अन्याय त्याच्याही आधीचा. आपल्यावर जे गुदरतंय त्याला समाजाच्या सामाईक समजुतीत जागाच नसते. म्हणून ते दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि स्वतःलाही नीट उमगत नाही. फ्रिकर यांनी यासाठी दिलेलं एक उदाहरण वेंडी सॅनफर्ड या अमेरिकी स्त्रीचं आहे. मुलाच्या जन्मानंतर त्या खोल निराशेत गेल्या. घर आहे, नवरा आहे, मूल आहे आणि तरी मी अशी, म्हणजे दोष माझाच, असं त्या धरून चालल्या होत्या. एक मैत्रीण त्यांना बायांच्या बैठकीला घेऊन गेली. तिथे बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर बोलणं चाललं होतं. आपल्याला झालंय ते आजारपण आहे आणि ते इतरही कितीतरी जणींना होतं, हे त्यांना तिथे कळलं. पुढे ज्या गटानं ‘अवर बॉडीज, अवरसेल्व्ज’ हे जगभर पोहोचलेलं पुस्तक तयार केलं, त्या गटाच्या त्या एक सदस्य झाल्या.

वसा आणि अमिर्झातल्या गप्प राहिलेल्या बायांवर यातला दुसरा अन्याय झाला होता. पहिल्या अन्यायाची पाळी त्यांच्यावर आलीच नव्हती, कारण त्यासाठी आधी दवाखान्यापर्यंत पोहोचून काही सांगावं लागतं.

पोहोचलेल्या बाईचं काय होतं, ते गोव्यातल्या एका अभ्यासात दिसतं. अल्दोना आरोग्य केंद्राच्या परिसरात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2,494 स्त्रियांची पाहणी केली. 2005 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार पुष्कळ जणींची होती. अशा तक्रारीवर प्रयोगशाळेत न तपासता, लक्षणावरून जंतुसंसर्ग धरून प्रतिजैविकं द्यायची, ही पद्धत सरकारी कार्यक्रमांत रुळलेली होती. पण इथे तपासणी केली तर तक्रार आणि संसर्ग यांचा मेळ फारसा बसेना. तक्रारीचा जास्त घट्ट संबंध होता मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या परिस्थितीशी. थकव्याचंही तेच. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचं 12.1 टक्के स्त्रियांनी सांगितलं, आणि हा थकवा रक्तातल्या हिमोग्लोबिनशी जोडता येईना. तो जोडला गेला गरिबीशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी, वैधव्याशी किंवा नवऱ्यापासून वेगळं राहण्याशी, स्वतःचे निर्णय स्वतः घेता न येण्याशी, उदासी आणि चिंतेशी.

यावरून कोणी म्हणेल, म्हणजे हे मनाचंच. दवाखान्यात हे दोन शब्द तक्रार निकालात काढण्यासाठी वापरले जातात आणि बाईला ते बरोबर कळतं. पण गोव्याचा अभ्यास नेमकं उलटं सांगतो. थकवा खरा आहे, त्याची कारणंही खरी आहेत, फक्त ती रक्ताच्या थेंबात नसून घरात आहेत. इथे एक फरक काटेकोरपणे करायला हवा. मला त्रास होतोय, असं बाई म्हणते तेव्हा त्या विधानाची सगळ्यात जवळची साक्षीदार तीच असते. तो त्रास कशामुळे होतोय, याबद्दल मात्र तिचा अंदाज चुकू शकतो, तसा डॉक्टरचाही चुकू शकतो. पहिलं विधान नाकारलं की दुसऱ्याचा शोधच थांबतो. हिमोग्लोबिन कमी असलं तर लोहाच्या गोळ्या द्यायलाच हव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे. पण गोळ्या घेऊनही थकवा जात नाही असं बाईनं सांगितलं, तर "गोळ्या नीट घेत नसशील" यापलीकडचं काहीतरी तिला विचारायला हवं.

शरीराचा अनुभव हा तत्त्वज्ञानाचा विषय आहे, ही मांडणी सिमोन द बोव्हार यांनी 1949 च्या ‘द सेकंड सेक्स’मध्ये केली. करुणा गोखले यांनी ते पुस्तक मराठीत आणलं आहे. बोव्हार यांच्या मते शरीर ही नुसती वस्तू नव्हे, ती माणसाची परिस्थिती असते. जगाला आपण शरीरातूनच भिडतो आणि स्त्रीच्या शरीराला समाजानं जे अर्थ चिकटवले आहेत, तेही त्या भिडण्यात आलेच. पुढच्या पिढीतल्या दोघींनी हा विचार स्वतःच्या आजारपणातून पुढे नेला.

कॅनडात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सुझन वेंडेल 1985 मध्ये आजारी पडल्या आणि तो थकवा कायमचा राहिला. ‘द रिजेक्टेड बॉडी’ या 1996 च्या पुस्तकात त्यांनी कामाच्या वेगाचा मुद्दा मांडला. समाज ज्या वेगाची अपेक्षा करतो, त्या वेगानं ज्याला चालता येत नाही तो अपंग ठरतो. वेग वाढला की अपंगही वाढतात. मराठी वाचकाला यासाठी कॅनडात जायची गरज नाही. किलोवर मजुरी म्हणजे वेगावरच मजुरी. ज्या दिवशी पोटात कळा आहेत त्या दिवशी वजन कमी भरतं, पैसे कमी मिळतात आणि मुकादमाच्या हिशेबात त्या दुखण्याची कसलीच नोंद होत नाही. "आराम करा, जड उचलू नका," असं चिठ्ठीवर लिहून मिळतं तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचं काय, हा प्रश्न त्या चिठ्ठीत कुठेच नसतो.

इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञ हवी कॅरेल यांना 2006 मध्ये फुप्फुसांचा एक दुर्मीळ आजार असल्याचं कळलं. तो जवळजवळ फक्त स्त्रियांनाच होतो. निरोगी माणूस शरीरावर न बोलता विसंबून असतो, असं त्या लिहितात. पायरी चढता येईल, श्वास पुरेल, हे तो गृहीत धरतो. दीर्घ आजार हा भरवसाच काढून घेतो. आंजीहून वर्ध्याला जायला निघालेल्या, पाळीत फार रक्त जाणाऱ्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गडद रंगाचं लुगडं नेसायचं. घडी घालून जास्तीचं कापड पिशवीत तळाशी ठेवायचं. एसटीत उभं राहावं लागलं तर काय, बसायला मिळालं तर उठताना डाग दिसेल का, वर्ध्यात उतरल्यावर बाईमाणसाला जाण्यासारखी मोरी कुठे आहे, दवाखान्याच्या रांगेत किती वेळ लागेल. हा सगळा हिशेब ती घराचा उंबरा ओलांडण्याआधी करते. रक्त किती जातं, हे तपासणीतून कळेल. हा हिशेब मात्र विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि आजारानं तिच्याकडून काय काय हिरावलं आहे ते त्यातच आहे.

आंजीत या बाबतीत झालेलं एक काम नीट समजून घेण्यासारखं आहे. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथल्या सामुदायिक आरोग्य विभागाचं काम आंजीच्या परिसरात कैक वर्षांपासून चालू आहे. अमोल डोंगरे, प्रदीप देशमुख आणि बी. एस. गर्ग यांनी आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या 23 गावांत किशोरवयीन मुलींबरोबर पाळीविषयी काम केलं आणि 2007 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मुलींच्या गरजा त्यांच्याकडूनच समजून घेऊन माहिती तयार झाली आणि ती गावातल्याच मुली, किशोरी पंचायती आणि बचत गट यांच्यामार्फत घरोघर गेली. तीन वर्षांत तयार पॅड वापरणाऱ्या मुली 5 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर गेल्या. कापड पुन्हा वापरणाऱ्या 85 टक्क्यांवरून 57 टक्क्यांवर आल्या. पाळी येण्याआधी तिच्याविषयी माहिती असलेल्या मुली 35 टक्के होत्या, त्या 55 टक्के झाल्या.

पॅडचा आकडा डोळ्यांत भरतो. कापड वापरणं मुळात वाईट आहे असं मला वाटत नाही. ते साबणानं धुऊन उन्हात वाळवता आलं तर चालतं. अडचण अशी की ते पुरुषांच्या नजरेआड, दुसऱ्या कपड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवावं लागतं आणि ओलसरच पुन्हा घ्यावं लागतं. या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा माझ्या मते 35 वरून 55 हा आहे. सुरुवातीला शंभरातल्या 65 मुलींनी पहिल्यांदा रक्त पाहिलं ते काहीच ठाऊक नसताना. काय झालं, कुठे लागलं, माझं काही चुकलं का, या धास्तीतून ज्या मुलीची सुरुवात होते, ती पुढे त्या विषयावर तोंड उघडायला कचरते. उलट नेहमीची पाळी कशी असते हे जिला आधीच ठाऊक आहे, तिलाच नेहमीपेक्षा वेगळं काय ते ओळखता येतं. दर महिन्याला शाळा बुडवायला लावणारी कळ, आठ दिवसांनंतरही न थांबणारं रक्त, ही दुखणी आहेत हे तिला कळू शकतं. वेंडी सॅनफर्ड यांना जे त्या बैठकीत मिळालं, तेच 23 गावांतल्या काही मुलींना त्यांच्या वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, पुढची वीस-पंचवीस वर्षं गप्प बसण्यात जाण्याआधी मिळालं. हे काम डॉक्टरांनी आखलं, पण ते तडीस गेलं मुलींनी मुलींशी बोलल्यामुळे. स्त्रीवादी चळवळीचं ज्ञान नेहमी असंच तयार होत आलं आहे.

बाई म्हणून सगळ्यांची स्थिती सारखी धरण्याची चूक मात्र इथे सहज होऊ शकते. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 1998 च्या आपल्या प्रसिद्ध लेखात दलित स्त्रीच्या भूमीवरून विचार करण्याचा आग्रह धरला. जात आणि श्रम वगळून केलेला स्त्रीवाद त्यांना अपुरा वाटत होता. आजारपणाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं किती खरं आहे, हे बीड जिल्ह्यात दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात असल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहांत एकीची. देशपातळीवर 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून धरलेले, खाडा झाला तर दंड, फडात ना पाण्याची सोय ना आडोशाची. अशा वेळी पांढरं जाणं किंवा जास्त रक्त जाणं यांवर पिशवी काढणं हा उपाय सुचवला जातो, कॅन्सरची भीती घातली जाते आणि बाई कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते. इथे तिनं तक्रार सांगितली होती आणि ती ऐकलीही गेली होती. तरी उत्तर निघालं ते तिच्या शरीराच्या सोयीचं नव्हतं. ते हंगामाच्या सोयीचं होतं. कमी वयात पिशवी गेली आणि बीजकोशही गेले, तर हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं, अंगातून वाफा येणं हे सगळं पुढच्या आयुष्यात तिच्याच वाट्याला येतं. म्हणून ऐकणं ही फक्त सुरुवात धरली पाहिजे. ऐकल्यावर किती पर्याय समोर ठेवले, ते समजावून सांगितले का, आणि त्यातला एखादा निवडायला तिला खाडा न पडता वेळ मिळाला का, इथपर्यंत तपासलं पाहिजे.

पन्नाशीनंतरच्या बायांकडे तर अजूनच कमी लक्ष आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची मुलाखत होते ती वयाच्या 15 ते 49 वर्षांपर्यंत. अंग बाहेर येण्याचा त्रास वाढतो तो त्यानंतर, जास्त बाळंतपणं झालेल्या आणि आयुष्यभर ओझी उचललेल्या बायांमध्ये. यावर उपाय आहेत आणि ते सगळे महागडे नाहीत. सुरुवातीच्या अवस्थेत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. आत बसवायची साधी कडी मिळते, ती बसवली की अनेकींना शस्त्रक्रियेवाचून कामाला उभं राहता येतं. शस्त्रक्रिया करायचीच झाली तर गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याचीही पद्धत आहे. पण साठीची बाई पोटाच्या खाली काहीतरी उतरतंय हे सुनेला सांगत नाही, मुलाला तर नाहीच. आशा कार्यकर्ती तिच्या घरी येते ती सुनेच्या गरोदरपणाची नोंद करायला आणि नातवाच्या लसीची तारीख सांगायला. त्याच भेटीत ओसरीवर बसलेल्या सासूला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतील: आजी, उठता-बसता, खोकताना काही खाली आल्यासारखं वाटतं का? आणि लघवी धरून ठेवता येते का? उत्तर हो आलं, तर ते लिहून घ्यायला तिच्या वहीत एक रकाना असायला हवा.